विश्लेषण : जुन्या ग्राफिक्स कार्डाचे आयुष्य संपले का? नवे कार्ड खरोखर किती वेगवान?

लग्नसराईचे चित्रीकरण, फ्लेक्सचे डिझाइन, अभियांत्रिकीचे प्रकल्प आणि गेमिंग. जिल्ह्यातील हजारो संगणकांत आजही २०१६-१७ ची ग्राफिक्स कार्डे काम करत आहेत. त्यांचा नियमित ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबला. मग कार्ड बदलायचे की आणखी दोन वर्षे चालवायचे?

तुळशीचे लग्न लागले की बुलढाणा जिल्ह्यातील फोटो स्टुडिओंना उसंत नसते. चिखली असो, मेहकर असो की खामगाव. दिवसा हळद-लग्नाचे चित्रीकरण आणि रात्री त्याचे एडिटिंग. वधूपक्षाला अल्बम आणि व्हिडिओ ठरल्या तारखेला हवा असतो. अशा वेळी संगणकावर ‘रेंडर’ची पट्टी मुंगीच्या पावलाने सरकू लागली की पहिला संशय जातो तो ग्राफिक्स कार्डावर. दुकानात विचारणा केली की उत्तर येते, ‘कार्ड जुने झाले, नवीन टाका.’

हे उत्तर कधी बरोबर असते, कधी अर्धे बरोबर, तर कधी २५-३० हजार रुपये खर्चूनही काम पूर्वीच्याच वेगाने चालते. जुन्या आणि नव्या कार्डाची तुलना मॉडेलच्या क्रमांकावरून होत नाही. ती कामावरून होते. ती कशी करायची, याचा हा आढावा.

ग्राफिक्स कार्ड नेमके काय करते?

संगणकाचा मुख्य प्रोसेसर म्हणजे सीपीयू. त्यात थोडे पण हुशार कोअर असतात. ग्राफिक्स कार्डावरील चिप म्हणजे जीपीयू. त्यात हजारो साधे कोअर एकाच प्रकारचे गणित एकाच वेळी करतात. पडद्यावरील लाखो ठिपक्यांचा रंग सेकंदाला ६० वेळा ठरवायचा तर असेच मनुष्यबळ लागते. एक निष्णात गवंडी आणि रोजगार हमीच्या कामावरील हजार मजूर, असा हा फरक आहे. बारकाव्याचे काम गवंडीच करणार. पण शेततळे खोदायचे तर मजूरच हवेत.

एनव्हिडियाने १९९९ मध्ये ‘जीफोर्स २५६’ बाजारात आणताना जीपीयू हा शब्द रूढ केला. तेव्हा हे कार्ड केवळ खेळांसाठी होते. आज व्हिडिओ एडिटिंग, थ्रीडी आराखडे आणि कृत्रिम बुद्धिमत्ता ही सारी कामे त्याच चिपवर होतात. त्यामुळेच तुलना अवघड झाली. एका कामात पुढे असलेले कार्ड दुसऱ्या कामात मागे पडू शकते.

ऑक्टोबर २०२५ मध्ये काय बदलले?

ग्राफिक्स कार्ड आणि संगणक यांच्यात दुभाष्याचे काम करणाऱ्या सॉफ्टवेअरला ड्रायव्हर म्हणतात. नवा गेम किंवा नवे सॉफ्टवेअर आले की कंपनी ड्रायव्हरमध्ये सुधारणा करते. एनव्हिडियाने आपल्या ‘मॅक्सवेल’ आणि ‘पास्कल’ पिढीतील कार्डांसाठी अशा नियमित सुधारणा ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबवल्या. त्यापुढे ऑक्टोबर २०२८ पर्यंत केवळ सुरक्षाविषयक दुरुस्त्या, त्याही तिमाहीतून एकदा, मिळणार आहेत.

या पिढ्यांत कोण येते? जीटीएक्स ७५० टीआय, जीटीएक्स ९६०, जीटीएक्स १०५० टीआय, जीटीएक्स १०६० आणि जीटीएक्स १०८० टीआय. असेंबल केलेल्या संगणकांत वर्षानुवर्षे दिसणारी हीच नावे. ‘जीटीएक्स १६५०’ मात्र २०१९ मधील ‘ट्युरिंग’ पिढीचे असल्याने या यादीत नाही. त्याचे नियमित ड्रायव्हर सुरू आहेत.

योगायोग असा, की विंडोज १० चा मोफत नियमित आधारही १४ ऑक्टोबर २०२५ रोजीच संपला. म्हणजे जुन्या संगणकाच्या मालकाला एकाच महिन्यात दोन सूचना मिळाल्या.

याचा अर्थ कार्ड बंद पडले, असा नाही. कालपर्यंत चालणारे सॉफ्टवेअर आजही चालते. फरक पडतो तो नव्या आवृत्त्यांत. नवा गेम अडखळला किंवा एडिटिंग सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीत पडदा काळा झाला, तर त्यावर खास दुरुस्ती येण्याची शक्यता आता नाही. स्टुडिओत संगणक व्यवस्थित चालत असेल, तर ऐन लग्नसराईत सॉफ्टवेअरची मोठी अद्ययावत आवृत्ती न टाकणे शहाणपणाचे.

कोअर मोजून तुलना होते का?

नाही. याचे सर्वात बोलके उदाहरण म्हणजे दोन कार्डे. मार्च २०१७ मधील जीटीएक्स १०८० टीआय आणि फेब्रुवारी २०२१ मधील आरटीएक्स ३०६०. दोन्हींत बरोबर ३,५८४ कोअर आहेत. पण ३०६० च्या पिढीत कंपनीने कोअरची रचना आणि मोजण्याची पद्धत दोन्ही बदलल्या. पूर्णांकांचे गणित करणाऱ्या मार्गालाच दशांशाचे गणितही करता येऊ लागले आणि त्याचीही गणना कोअरमध्ये झाली. परिणामी जुन्या धाटणीच्या खेळांत ही दोन्ही कार्डे जवळपास बरोबरीत राहतात.

जून २०२३ मधील आरटीएक्स ४०६० मध्ये तर कोअर कमी, ३,०७२. तरीही ते वेगवान. कारण त्याची घड्याळगती सुमारे २,४६० मेगाहर्ट्झपर्यंत जाते, १०८० टीआयची सुमारे १,५८० पर्यंत. कोअरची संख्या, गती आणि दोन यांचा गुणाकार केला की सैद्धांतिक क्षमता मिळते. १०८० टीआयसाठी ती सुमारे ११.३ टेराफ्लॉप्स, ४०६० साठी सुमारे १५.१ आणि मे २०२५ मधील आरटीएक्स ५०६० साठी सुमारे १९.२. एक टेराफ्लॉप म्हणजे सेकंदाला एक लाख कोटी गणिते.

हा आकडाही कागदावरचाच. ट्रॅक्टरची अश्वशक्ती जास्त असली म्हणून नांगरट त्याच प्रमाणात लवकर होत नाही. जमीन, नांगर आणि चालक यांवरही ते अवलंबून असते. कार्डाचेही तसेच आहे.

मग आठ-दहा वर्षांत खरी प्रगती किती?

हे जुने कार्ड कोणत्या श्रेणीचे होते, यावर ठरते. २०१६ मधील जीटीएक्स १०६० (६ जीबी) ची वीजमर्यादा १२० वॉट. आरटीएक्स ४०६० ची ११५ वॉट. जवळपास तेवढ्याच विजेत नवे कार्ड प्रत्यक्ष खेळात साधारण दुप्पट काम करते. अमेरिकेत १०६० ची सुरुवातीची किंमत २४९ डॉलर होती आणि ४०६० ची २९९. मध्यम श्रेणीच्या जुन्या कार्डाच्या मालकाला नव्याचा फायदा डोळ्यांना दिसतो.

१०८० टीआयची गोष्ट वेगळी. ते त्या काळातील ६९९ डॉलरचे अव्वल कार्ड. त्याच्याशी तुलना केल्यास ४०६० कच्च्या वेगात थोडेच पुढे आहे. मात्र ते ६९९ ऐवजी २९९ डॉलरमध्ये आणि २५० ऐवजी ११५ वॉटमध्ये तेथे पोहोचले. प्रगती झाली ती प्रामुख्याने किंमत, वीज आणि आकार यांत.

याचे कारण चिप तयार करण्याच्या तंत्रात आहे. १०८० टीआयची चिप ४७१ चौरस मिलिमीटरची आणि त्यात सुमारे १,२०० कोटी ट्रान्झिस्टर. ४०६० ची चिप सुमारे १५९ चौरस मिलिमीटरची, म्हणजे एक तृतीयांश. पण त्यात सुमारे १,८९० कोटी ट्रान्झिस्टर. ट्रान्झिस्टर लहान झाला की त्याला कमी वीज लागते आणि तो कमी तापतो.

नव्या कार्डात असे काय आहे, जे जुन्यात नाहीच?

२०१८ पासूनच्या आरटीएक्स कार्डांत दोन खास विभाग आले. एक ‘रे ट्रेसिंग’साठी, म्हणजे प्रकाशाचा किरण कुठे आदळतो आणि कसा परावर्तित होतो याचे गणित करण्यासाठी. दुसरा ‘टेन्सर कोअर’, कृत्रिम बुद्धिमत्तेच्या गणितासाठी. जीटीएक्स नावाच्या कार्डांत हे दोन्ही विभाग नाहीत. १६५० मध्येही नाहीत.

बरीच वर्षे यावाचून काही अडत नव्हते. आता अडू लागले आहे. डिसेंबर २०२४ मधील ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’ आणि मे २०२५ मधील ‘डूम : द डार्क एजेस’ या खेळांनी रे ट्रेसिंगचा विभाग असलेले कार्ड सक्तीचे केले. १०८० टीआय कितीही दणकट असले, तरी या खेळांच्या किमान अटीतच ते बसत नाही. येथे प्रश्न वेगाचा उरत नाही.

उलट उदाहरणही आहे. आरटीएक्स ५० मालिकेने ३२ बिट ‘कुडा’चा आधार काढला. त्यामुळे ‘बॉर्डरलँड्स २’सारख्या जुन्या खेळांतील धूर, कापड, तुकडे यांचे ‘फिजएक्स’ परिणाम नव्याकोऱ्या कार्डावर रखडू लागले, जे दशकभर जुन्या कार्डावर सुरळीत चालत होते. तक्रारींनंतर कंपनीने डिसेंबर २०२५ मध्ये निवडक खेळांसाठी हा आधार परत दिला. नवे म्हणजे सगळ्याच बाबतीत सरस, असे नसते.

मेमरीचे काय? ८ जीबी पुरे का?

कार्डावरची मेमरी ही शेतातल्या खळ्यासारखी. काम चालू असलेला सगळा माल तेथे मावला पाहिजे. मावला नाही तर तो संगणकाच्या रॅममधून ने-आण करावा लागतो आणि वेग एकदम कोसळतो.

या बाबतीत जुनी कार्डे नव्यांना अनेकदा मागे टाकतात. १०८० टीआयमध्ये ११ जीबी मेमरी आणि सेकंदाला ४८४ जीबी माहिती वाहून नेण्याची क्षमता. ४०६० मध्ये ८ जीबी आणि २७२ जीबी प्रतिसेकंद. त्याआधीच्या आरटीएक्स ३०६० मध्ये १२ जीबी होती. म्हणजे पुढच्या पिढीत मेमरी घटली. ४०६० ने ही कसर मोठ्या कॅशने, चिपमधील २४ एमबीच्या झटपट मेमरीने, भरून काढली. साध्या १०८०पी पडद्यावर ते पुरते. ४के व्हिडिओवर अनेक थर चढवले, नॉइज काढायला लावला किंवा मोठे एआय मॉडेल चालवले की ८ जीबीची भिंत आड येते.

म्हणून ३०६० (१२ जीबी) वापरणाऱ्याने एडिटिंगसाठी ४०६० किंवा ५०६० (८ जीबी) घेण्यापूर्वी दोनदा विचार करावा. त्यातच २०२५ च्या अखेरीपासून एआयच्या डेटा सेंटरांची मागणी वाढल्याने मेमरी चिपांचे भाव चढले आहेत. जास्त मेमरीची कार्डे लगेच स्वस्त होण्याची चिन्हे नाहीत.

लग्नाच्या व्हिडिओसाठी कोणते कार्ड कामाचे?

येथे सर्वात मोठा गैरसमज आहे. व्हिडिओ एडिटिंगमध्ये टाइमलाइन अडखळते ती बहुतेक वेळा कार्डाचे कोअर कमी पडतात म्हणून नव्हे, तर कॅमेऱ्याची फाइल उलगडणारा विभाग कार्डात नसतो म्हणून.

कॅमेरा जागा वाचवण्यासाठी व्हिडिओ दाबून साठवतो. तो उलगडण्यासाठी आणि पुन्हा दाबण्यासाठी कार्डावर स्वतंत्र विभाग असतो. २०१८ मधील सोनी ए७ थ्री ८ बिट ४:२:० प्रकारात चित्रीकरण करतो. हे जुने १०५० टीआय किंवा १०६० सहज उलगडते. २०२१ मधील सोनी ए७ फोर मात्र १० बिट ४:२:२ प्रकारही देतो. त्यात रंगांची माहिती जास्त असते. हळदीचा पिवळा आणि शालूचा हिरवा रंग नंतर दुरुस्त करताना फाटत नाही.

हा ४:२:२ प्रकार उलगडण्याची सोय एनव्हिडियाच्या कार्डांत थेट २०२५ च्या आरटीएक्स ५० मालिकेत आली. म्हणजे ४०६० तर सोडाच, लाखाच्या पुढचे आरटीएक्स ४०९० हे कार्डही तो प्रकार स्वतःच्या खास विभागात उलगडत नाही. उलट इंटेलच्या ११ व्या पिढीपासूनच्या अनेक प्रोसेसरांतील अंगभूत ग्राफिक्स एच.२६५ चे ४:२:२ उलगडू शकते. नव्या कॅमेऱ्यानंतर संगणक अडखळू लागला असेल, तर महागड्या कार्डापेक्षा असा प्रोसेसर असलेला संगणक किंवा ५० मालिकेतील साधे कार्ड अधिक उपयोगी पडेल. मात्र एडिटिंग सॉफ्टवेअरही ही सोय वापरणारे हवे. काहींच्या मोफत आवृत्तीत ती मर्यादित असते.

तिसरा मार्ग विनाखर्चाचा. मूळ फाइलची हलकी प्रत, म्हणजे ‘प्रॉक्सी’, रात्री तयार करायला लावायची, सकाळी त्यावर एडिटिंग करायचे आणि शेवटी रेंडर मूळ फाइलवरून घ्यायचे. दहा वर्षांपूर्वीचे कार्डही अशाने आणखी एक हंगाम काढते.

जाहिरातीतील ‘दुप्पट-तिप्पट वेग’ खरा किती?

जानेवारी २०२५ मध्ये लास व्हेगासच्या प्रदर्शनात एनव्हिडियाने ५४९ डॉलरचे आरटीएक्स ५०७० हे आधीच्या पिढीतील अव्वल आरटीएक्स ४०९० इतकी कामगिरी देईल, असे जाहीर केले. ४०९० मध्ये १६,३८४ कोअर आणि २४ जीबी मेमरी. ५०७० मध्ये ६,१४४ कोअर आणि १२ जीबी. मग हे गणित जुळले कसे?

उत्तर ‘फ्रेम जनरेशन’मध्ये होते. कार्ड एक फ्रेम खरोखर तयार करते आणि मधल्या काही फ्रेम एआयच्या मदतीने अंदाजाने भरते. ५० मालिकेत तेव्हा एका खऱ्या फ्रेममागे तीनपर्यंत फ्रेम अशा भरल्या जात होत्या. पडद्यावर हालचाल गुळगुळीत दिसते. पण माउस हलवल्यावर प्रतिसाद मिळतो तो खऱ्या फ्रेमच्या वेगाने. ही सोय बंद केली की ४०९० खूप पुढे असते.

तंत्र वाईट नाही. मात्र जुन्या-नव्याची तुलना करताना एकीकडे ते चालू आणि दुसरीकडे बंद, असे असेल तर ती तुलना नव्हे. तुलनेचे चार साधे नियम आहेत. संगणक तोच हवा. खेळ किंवा फाइल तीच हवी. सेटिंग तेच हवे. आणि चाचणी किमान तीन वेळा व्हावी. सरासरी फ्रेमसोबत सर्वात मंद एक टक्का फ्रेमचा आकडाही पाहावा. सरासरी ८० असूनही मध्येच १५ वर घसरणारे कार्ड हाताला झटके देणारच.

जुन्या संगणकात नवे कार्ड बसवले तर?

दुकानातून घरी आल्यावर निराशा होते ती येथेच. तीन गोष्टी तपासाव्यात.

पहिली, एसएमपीएस. मदरबोर्डच्या स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॉट मिळतात. त्यापुढे एसएमपीएसमधून स्वतंत्र वायर लागते. कंपन्यांकडून निघालेले रिफर्बिश्ड संगणक स्वस्तात मिळतात. त्यांत अशी वायर बहुधा नसते. म्हणूनच ७५० टीआय, १०५० टीआय, १६५० ही ७५ वॉटपर्यंतची कार्डे इतकी खपली. त्यांचा आजचा वारसदार म्हणजे फेब्रुवारी २०२४ मधील आरटीएक्स ३०५० ची ६ जीबी आवृत्ती. ती ७० वॉटची असून अनेक कंपन्यांच्या कार्डांना वेगळी वायर लागत नाही.

दुसरी, स्लॉटची पिढी. ४०६० केवळ आठ मार्गिका वापरते. पीसीआय एक्स्प्रेस ४.० च्या बोर्डवर त्यातून सेकंदाला सुमारे १६ जीबी माहिती जाते, जुन्या ३.० च्या बोर्डवर निम्मी, सुमारे ८ जीबी. एएमडीचे आरएक्स ६५०० एक्सटी तर चारच मार्गिका वापरते. कार्डाची ४ जीबी मेमरी भरली की जुन्या बोर्डवर त्याची मोठी कोंडी होते. इंटेलच्या ‘आर्क’ कार्डांना ‘रिसायझेबल बार’ ही सोय असलेला बोर्ड लागतो. नसेल तर त्यांचा वेग बराच घटतो.

तिसरी, प्रोसेसर. खेळ चालू असताना कार्डाचा वापर ५०-६० टक्केच दिसत असेल, तर अडथळा प्रोसेसरचा आहे. बैलगाडीला विमानाचे इंजिन लावून चाके पळत नाहीत. चौथ्या पिढीच्या आय-५ संगणकात ५०६० बसवणाऱ्याला पैशांचा पूर्ण मोबदला मिळत नाही.

घाटाखालचा उन्हाळा कार्डाचा वेग कमी करतो का?

करतो. बुलढाणा शहर समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरहून उंच, म्हणून तुलनेने थंड. घाटाखालच्या मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगाव या पट्ट्यात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. लग्नाच्या दाट तिथीही एप्रिल-मे महिन्यांतच.

पंख्याचा वेग आणि कामाचा ताण तोच राहिला, तर खोली दहा अंशांनी तापल्यावर चिपही साधारण दहा अंशांनी जास्त तापते. बहुतेक कार्डे ऐंशी अंशांच्या पुढे गेली की स्वतःला वाचवण्यासाठी घड्याळगती उतरवतात. म्हणजे तेच कार्ड जानेवारीत आणि मे महिन्यात सारखी कामगिरी देईलच असे नाही. यूट्यूबवरील चाचण्या वातानुकूलित खोलीत झालेल्या असतात, हेही ध्यानात ठेवावे.

जुन्या कार्डावर हा परिणाम दुहेरी होतो. आठ वर्षांत पंख्याच्या पात्यांत धूळ बसते आणि चिप व हीटसिंक यांमधील थर्मल पेस्ट वाळते. कार्ड साफ करून पेस्ट बदलली, तर उतरलेला वेग पुष्कळदा परत मिळतो. नव्या कार्डासाठी हजारो रुपये मोजण्याआधी काही शे रुपयांचा हा उपाय करून पाहायला हरकत नाही.

विजेच्या बिलात फरक पडतो का?

१०८० टीआयची मर्यादा २५० वॉट आणि ४०६० ची ११५. फरक १३५ वॉट. रोज सहा तास पूर्ण ताणावर काम चालले, तर दिवसाला ०.८१ युनिट आणि महिन्याला सुमारे २४ युनिट वाचतात. युनिटचा दर दहा रुपये धरला, तर महिन्याला सुमारे २४० आणि वर्षाला २,९०० रुपये. स्टुडिओसाठी ही रक्कम दुर्लक्षिण्याजोगी नाही. पण केवळ विजेसाठी कार्ड बदलले, तर पैसे वसूल व्हायला अनेक वर्षे लागतील. भारनियमनात फायदा अधिक जाणवतो, कारण कमी वॉटचा संगणक यूपीएसवर जास्त वेळ तग धरतो.

एआय शिकणाऱ्या विद्यार्थ्याने काय करावे?

शेगावच्या श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालयासारख्या संस्थांमुळे जिल्ह्यात संगणक शाखेचे विद्यार्थी मोठ्या संख्येने आहेत. त्यांच्यासाठी पास्कल पिढीचे जुने कार्ड घेणे आता धोक्याचे. एनव्हिडियाच्या ‘कुडा १३’ने २०२५ मध्ये मॅक्सवेल, पास्कल आणि व्होल्टा पिढ्यांचा आधार काढला. यापुढची साधने त्यांवर चालतीलच, याची खात्री नाही.

पण एआयमध्येही ‘नवे तेच चांगले’ हा नियम लागू पडत नाही. गुगल कोलॅबवर मोफत मिळणारे टी४ हे कार्ड २०१८ चे. वेगात ते ५०६० च्या मागे. पण त्यात १६ जीबी मेमरी आहे. ८ जीबीत न मावणारे मॉडेल टी४ वर सावकाश का होईना, चालते. पुण्यातील सी-डॅकचा ‘परम सिद्धी-एआय’ हा महासंगणक नोव्हेंबर २०२० मध्ये जगातील पहिल्या ५०० संगणकांत ६३ व्या स्थानी होता. त्यातील ए१०० कार्डे २०२० ची. सेकंदाला दीड हजार जीबीहून अधिक माहिती वाहणारी ही कार्डे मॉडेल घडवण्याच्या कामात आजच्या अनेक घरगुती नव्या कार्डांना सहज मागे टाकतात. शिकण्यासाठी आधी कोलॅब वापरावे. घरी कार्ड घ्यायचेच तर पिढीआधी मेमरी पाहावी.

सेकंडहँड घेताना सापळे कोणते?

इथेरियम या आभासी चलनाचे ‘मायनिंग’ १५ सप्टेंबर २०२२ रोजी कायमचे थांबले आणि त्यासाठी दिवसरात्र राबलेली कार्डे जगभर बाजारात आली. मायनिंगचे कार्ड वाईटच असते असे नाही. पण पंखे आणि मेमरीवर ताण पडलेला असतो. किमान अर्धा तास ताण देऊन, तापमान पाहून, मगच पैसे द्यावेत.

नावांचा सापळा त्याहून मोठा. आरएक्स ५८० मध्ये २,३०४ कोअर असतात. ‘५८० २०४८एसपी’ नावाच्या आवृत्तीत २,०४८, म्हणजे ती मुळात ५७० च आहे. जीटीएक्स १०६० च्या ३ जीबी आवृत्तीत केवळ मेमरीच नाही, तर कोअरही कमी. १,२८० ऐवजी १,१५२. जीटी १०३० ची डीडीआर४ आवृत्ती मूळ आवृत्तीच्या जवळपास एक तृतीयांश वेगानेच माहिती वाहते. याशिवाय दीड दशकापूर्वीच्या कार्डात बनावट सॉफ्टवेअर भरून ते १०५० टीआय म्हणून विकण्याचे प्रकारही घडले आहेत. ‘जीपीयू-झेड’ हे मोफत सॉफ्टवेअर चालवले की कोअर आणि मेमरीचा प्रकार दिसतो. अनेक बनावट कार्डेही ते ओळखते. नवे घेताना पक्के बिल आणि कार्डावरील सीरियल क्रमांक जुळतो का, हे पाहिल्याशिवाय वॉरंटीचा अर्थ नाही.

मग निर्णय कसा घ्यावा?

फोटोशॉप, कोरल ड्रॉ, फ्लेक्स आणि पत्रिकांचे डिझाइन : जुने कार्ड पुरेसे. आधी एसएसडी आणि रॅम वाढवावी.

लग्नाचे व्हिडिओ, ८ बिट ४:२:० चित्रीकरण : १०६० किंवा १६५० साफसफाई करून चालवावे. प्रॉक्सी वापरावी.

१० बिट ४:२:२ चित्रीकरण : आरटीएक्स ५० मालिका किंवा योग्य इंटेल प्रोसेसर. जुने महागडे कार्ड घेऊ नये.

जुने लोकप्रिय ऑनलाइन खेळ : २०१६-१७ चे कार्ड अजून चालेल. नवे मोठे खेळ : रे ट्रेसिंगचा विभाग असलेले कार्डच घ्यावे.

एआय : मेमरी आधी, क्रमांक नंतर. सेकंडहँड घ्यायचे तर १२ जीबीचे ३०६० हा अजूनही विचारात घेण्यासारखा पर्याय.

दुकानात जाण्यापूर्वी एक चाचणी घरीच करता येते. नेहमीचे काम सुरू करावे आणि विंडोजचा टास्क मॅनेजर उघडावा. ‘परफॉर्मन्स’मध्ये जीपीयू सतत ९५ टक्क्यांपुढे असेल, तर कार्ड बदलून फायदा होईल. कार्डाची मेमरी काठोकाठ भरली असेल, तर जास्त जीबीचे कार्ड हवे. ‘व्हिडिओ डिकोड’ शून्यावर आणि प्रोसेसर शंभरावर असेल, तर कॅमेऱ्याचा प्रकार कार्डाला झेपत नाही. आणि जीपीयू निम्माच वापरात असेल, तर कार्डाचा दोष नाही. खर्च दुसरीकडे करावा लागेल. या चार आकड्यांचा मोबाइलवर फोटो काढून तो दुकानदाराला दाखवला, की बोलणे मॉडेलच्या क्रमांकावरून कामावर येते.